रोड बाइक पुरुषांसाठी बनवलेली असेल तर स्त्रीने ती घ्यावी का?

तुम्ही लिहिले आहे की तुमची उंची पाच फूट दोन इंच आहे, रोड बाइक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, लांब पल्ल्याची सायकल घ्यायची आहे, आणि सोलापुरातील दुकानदार म्हणतात, "रोड बाइकमध्ये लेडीज मॉडेल येत नाही, ही ५२ ची न्या, सीट खाली करून देतो." घरातल्या मोठ्या माणसांना मात्र पुरुषांची सायकल बाईच्या अंगाला बाधेल अशी धास्ती आहे. माझे उत्तर असे की पुरुषांसाठी बनवलेली रोड बाइक तुम्ही खुशाल घ्यावी, पण ही ५२ ची, म्हणजे ५२ सेंटिमीटर मापाच्या फ्रेमची, घेऊ नये. सायकल कोणासाठी बनवली हा एक प्रश्न आहे आणि ती आपल्या मापाची आहे का हा दुसरा. सीट खाली करून या दोहोंपैकी एकही सुटत नाही.

मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते आणि गेली सात वर्षे रोड बाइक चालवते. माझी उंची तुमच्यापेक्षाही एक इंचाने कमी आहे. पहिली सायकल धाकट्या भावाची होती, ५४ च्या फ्रेमची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, सायकल घरी पडून राहिली, म्हणून मी ती काढली. सीट खाली केल्यावर पाय पेडलपर्यंत नीट पोचत होते, त्यामुळे सायकल आपल्याला बसते असे मी धरून चालले. विजापूर रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर व्हायच्या, मान भरून यायची, आणि हँडल गाठण्यासाठी सीटच्या पुढच्या टोकावर सरकून बसल्यामुळे जे दुखायचे ते कोणाला सांगण्याचीही सोय नव्हती. आपल्यातच ताकद कमी आहे, सरावाने जमेल, अशी मी सहा महिने स्वतःची समजूत घालत राहिले.

मग एका रविवारी तुळजापूरहून परतताना घाट उतरत होते. उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवावेत, तेथून ब्रेकला जोर मिळतो, एवढे मला ठाऊक होते. पुढे उसाने भरलेली ट्रॉली होती. ब्रेक दाबायला बोटे लांब केली, तर मधल्या बोटाचे फक्त टोक लिव्हरला टेकले. लिव्हर पकडीत येईना. हात घाईने वरच्या रबरी कव्हरवर आणले, सगळा भार टाकून ब्रेक दाबले आणि सायकल कशीबशी कडेला थांबवली. पुढे पुण्याच्या एका मेकॅनिकने ते रबर उलटे करून आत ज्वारीच्या दाण्याएवढा एक स्क्रू दाखवला, ॲलन कीने त्याला काही फेरे दिले, आणि लिव्हर हँडलच्या जवळ सरकली. नंतर ब्रेकची केबल थोडी जुळवून घ्यावी लागली, एवढेच. हल्लीच्या बहुतेक लिव्हरमध्ये ही सोय कुठे ना कुठे असते. जी सायकल पुरुषाच्या हातासाठीच असते असे मी समजत होते, तिच्यात लहान हातासाठी जागा ठेवलेली होती आणि ती मला कोणी दाखवली नव्हती. म्हणून तुम्हाला माझी पहिली विनंती ही की सायकल कोणतीही घ्या, दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी हात खालच्या वळणावर ठेवून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता येतो का ते पाहा.

"लेडीज सायकल" हा शब्द आपल्याकडे दांडीवरून रुळला. आडवी दांडी असली की जेन्ट्स, नसली की लेडीज. ती दांडी खाली आणली गेली ती युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या लांब घेरदार झग्यांसाठी, शरीराच्या मापासाठी नव्हे. आपल्याकडे साडीमुळे ती सोयीची ठरली. मात्र दांडी खाली आणली की फ्रेमचा मूळ त्रिकोण मोडतो, तोच भक्कमपणा राखायला नळ्या जड घ्याव्या लागतात आणि वजन वाढते. ॲनी लंडनडेरी या नावाने प्रसिद्ध झालेल्या ॲनी कोहेन कोप्चोव्हस्की १८९४ मध्ये बॉस्टनहून जगप्रवासाला निघाल्या तेव्हा त्यांच्याकडे बायकांची म्हणून दिलेली ४२ पौंडांची, म्हणजे सुमारे १९ किलोची सायकल होती. शिकागोला त्यांनी ती सोडली आणि २१ पौंडांची पुरुषांची सायकल घेतली. झगाही त्यांना सोडावा लागला. आमच्या घरात याच गोष्टीचे दुसरे रूप घडले आहे. माझी आई आजोबांच्या बावीस इंची सायकलवर दांडीखालून पाय घालून, कंबर एका बाजूला वाकवून शिकली, कारण घरात तीच एक सायकल होती. आपण सायकलप्रमाणे शरीर वाकवायचे ही सवय आपल्याला अशी जुनी आहे, आणि रोड बाइकवर ती फार महागात पडते, कारण येथे तासन् तास एकाच बैठकीत बसायचे असते.

वेगळी फ्रेम हवी की नको याबद्दल सायकल बनवणाऱ्यांतच दोन मते आहेत. अमेरिकेतील जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअरनी १९८५ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि कमी उंचीच्या स्त्रियांसाठी पुढचे चाक २४ इंची, म्हणजे मागच्यापेक्षा लहान असलेल्या सायकली बनवल्या, कारण चाक लहान असेल तरच फ्रेम खरोखर आखूड करता येते. तैवानच्या जायंट कंपनीने २००८ मध्ये लिव्ह हा केवळ स्त्रियांसाठीचा ब्रँड सुरू केला आणि तो आजही स्वतंत्र फ्रेम बनवतो. उलट स्पेशलाइज्ड आणि ट्रेक यांसारख्या कंपन्या गेल्या दशकाच्या उत्तरार्धात स्त्री-पुरुषांसाठी एकाच फ्रेमकडे वळल्या. बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, असे सरसकट सांगून ज्या वेगळ्या फ्रेम विकल्या जात होत्या, त्यांना हजारो स्वारांच्या मापांतून पुरेसा आधार मिळाला नाही, असे स्पेशलाइज्डचे म्हणणे होते. मला हे दुसरे मत पटते, पण एका अटीवर : लहान माप हे खरोखर लहान असले पाहिजे.

ही अट मी मुद्दाम घालते आहे. रोड बाइकची रचना मधल्या मापावर बेतून मग ती लहान-मोठी केली जाते. लहान फ्रेम करताना पुढचे चाक मात्र ७०० सी या एकाच आकाराचे राहते, त्यामुळे पुढची बाजू हवी तितकी आत घेता येत नाही. मग कागदावर फ्रेम आखूड दिसावी म्हणून सीटखालची नळी अधिक उभी केली जाते. अशा वेळी दांडीची लांबी कमी भरते, पण हँडल पूर्वीइतकेच दूर राहते. म्हणून दांडीची लांबी पाहू नका, "रीच" पाहा; पेडल ज्या धुरीभोवती फिरते तेथून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच, आणि तो आकडा कंपनीच्या तक्त्यात दिलेला असतो. ५४ च्या फ्रेममध्ये तो साधारण साडेअडतीस सेंटिमीटर असतो. तुमच्या उंचीला तो सदतीसच्या आत असलेला बरा, आणि तो बहुधा ४७ ते ४९ च्या फ्रेममध्ये मिळेल. फरक दीड सेंटिमीटरचा दिसतो, पण लहान फ्रेमबरोबर स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, आणि हँडलही आखूड येते आणि सगळे मिळून चार-पाच सेंटिमीटर होतात, जे खांद्यांना तत्काळ कळतात. लहान फ्रेममध्ये एक अडचण उरते, ती आधीच सांगते : नवी पेठेतल्यासारख्या गर्दीत अगदी सावकाश वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागू शकते. वेगात असताना हँडल इतके वळत नाही, त्यामुळे तेव्हा हा धोका नसतो. सावकाश वळताना वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय मागे ठेवायची सवय लावावी लागते.

फ्रेम बरोबर असेल तर बाकीचे बहुतेक सारे बदलता येते. स्टेम शंभर मिलिमीटरचा असेल तर ऐंशीचा लावता येतो. तो साठपर्यंत आणला तर हँडल चंचल होते. भावाच्या ५४ वर मी हाही प्रयोग केला होता आणि हँडल तरीही दूरच राहिले, म्हणून शेवटी ती सायकल परत केली आणि पुण्याहून ४८ ची, पुरुषांचीच, जुनी सायकल आणली. हँडलची रुंदी खांद्यांच्या हाडांइतकी असावी. भावाच्या सायकलचे हँडल ४२ सेंटिमीटरचे होते, मला ३८ चे लागले आणि मानेचे दुखणे बरेचसे त्यानेच गेले. क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, मोठ्या सायकलींना १७२.५ मिलिमीटरची असते. ती तुमच्या पायाला लांब आहे, गुडघा वर येताना पोटाशी जातो आणि कंबर हलते. १६५ ची मागा.

सीटची उंची मोजायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पायांमध्ये घट्ट वर धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणले की धुरीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माझे माप ७१ सेंटिमीटर, म्हणून सीट ६२.७ वर. हा सुरुवातीचा आकडा आहे. क्रँक आखूड घेतली तर तितके मिलिमीटर सीट वर न्यावी लागते. एक गोष्ट मात्र करू नका, आणि दुकानात ती हमखास सुचवली जाते : हँडल दूर वाटते म्हणून सीट पुढे सरकवणे. त्याने गुडघा पेडलच्या पुढे जातो आणि अंगाचा भार हातांवर येतो, म्हणजे करंगळ्या अधिक बधिर होतात.

सीटबद्दल मी मोकळेपणाने लिहिते, कारण बहुतेक बायका सायकल सोडतात त्या या दुखण्यामुळे आणि कारण कोणालाच सांगत नाहीत. आपण बसतो ती ओटीपोटाच्या तळाची दोन हाडे असतात, आणि सीटचा मागचा भाग त्या दोन्हींना आधार देण्याइतका रुंद हवा. तो अरुंद असला की भार मधल्या मऊ भागावर येतो आणि तेथे दुखते, सुजते किंवा बधिरपणा येतो. सोलापुरी चादरींचा एक खोका घरी होता. त्याचा नालीदार पुठ्ठा दगडी पायरीवर ठेवून मी पातळ कपड्यांत त्यावर बसले, पुढे वाकले आणि उठल्यावर खडू आडवा धरून त्यावर हलकेच फिरवला. दोन खळगे पांढऱ्यात स्पष्ट उमटले. त्यांच्या मध्यांतील अंतर १२८ मिलिमीटर भरले. त्यात वीस-पंचवीस मिळवले की सीटची रुंदी कळते, म्हणून मी त्याला जवळची, १५५ मिलिमीटरची, मध्ये खाच असलेली, आखूड टोकाची सीट घेतली. दिवाळीत भाऊ आला तेव्हा त्यालाही त्याच पायरीवर बसवले, तर त्याचे अंतर १३१ भरले, माझ्यापेक्षा जास्त. स्त्रियांची ही हाडे सरासरीने थोडी रुंद असतात हे खरे, पण सरासरीवर कोणी बसत नाही. पुठ्ठ्यावर आपण स्वतः बसावे. मऊ, फुगीर गादीची "लेडीज सीट" मात्र घेऊ नका. हाडे त्यात रुततात आणि गादी मधल्या भागात वर दाबली जाते. पॅड असलेल्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते, शिवण घासते, हेही मला कोणी वेळेवर सांगितले नव्हते.

घरच्यांची भीती गर्भाशयाबद्दल असेल, तर ते ओटीपोटाच्या आत सुरक्षित असते आणि सीटचा दाब तेथे पोचत नाही. पाळीच्या दिवसांतही बरे वाटत असेल तर सायकल चालवता येते. गरोदरपणात किंवा एखादी शस्त्रक्रिया झालेली असेल तर तेवढे डॉक्टरांना विचारावे. बधिरपणा मात्र सोसू नये. तो आला की सायकलचे माप तपासावे.

आता दुकानदारांना सांगा की ५२ नको, ४८ च्या आसपासची मागवून द्या, आणि विकत घेण्यापूर्वी निदान कुंभारीपर्यंत जाऊन येऊ द्या. पहाटे जा, एप्रिल-मेमध्ये आठनंतर आपल्याकडचे ऊन कोणत्याही सायकलला वाईट ठरवते आणि परीक्षा खोटी होते. परतताना कोपर थोडे वाकलेले आणि खांदे सैल राहिले, सीटवर पुढे सरकावे लागले नाही आणि ब्रेक दोन बोटांनी दाबला गेला, तर ती सायकल तुमची आहे, मग तिच्या खोक्यावर "मेन्स" लिहिलेले असले तरी हरकत नाही. पुस्तकाने मोजलेले पायाचे माप आणि त्या सायकलचा रीच येथे लिहिलात, तर कोणत्या लांबीचा स्टेम लागेल ते मी सांगेन.