तिचे हात कीबोर्डवर राहू देत

इंदूर

चिरंजिवास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉम्प्युटर लॅबमध्ये या सत्रात एक पूर्ण अंध मुलगी येतेय हे कळलं, फार बरं वाटलं. तिला प्रॅक्टिकलमधून सूट द्यावी असं कुणी सुचवलं, तर ठामपणे नाही म्हण. अशी सूट मिळालेल्या मुलांच्या हाती पदवी येते, पण साधा प्रोग्रॅम स्वतः लिहून चालवता येत नाही.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, मोफत आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 साली त्याचं काम सुरू केलं. एनव्हीडीए लॅबमधल्या सगळ्या मशीनवर टाक. एकच मशीन ‘तिचं’ ठरवलंस की ती कायमची त्या कोपऱ्यात बसते. जेल रोडच्या बाजारातून एका कानाचा इअरफोन आण, दुसरा कान तुझं बोलणं ऐकायला मोकळा हवा.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ओळ किती आत सरकलीय यावर प्रोग्रॅमचा अर्थ ठरतो. एनव्हीडीएच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये लाइन इंडेंटेशन चालू केलंस, की ते अंतर तिला बोलून किंवा सुरांतून कळेल. एवढी एक सेटिंग राहिली तर पोरगी दिवसभर एकाच चुकीशी झगडत बसेल आणि सगळे म्हणतील, हिला जमत नाही.

नोट्सचं दुखणं मात्र मोठं आहे. आपल्याकडे हिंदी नोट्स अजून कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. डोळ्यांना ‘भारत’ दिसतं, पण फाइलमध्ये खरोखर साठलेली असतात एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं, आणि स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. स्कॅन करून केलेल्या पीडीएफमध्ये तर नुसतं चित्र असतं, वाचायला अक्षरच नाही. सत्र सुरू व्हायच्या आत सगळं युनिकोडमध्ये आण, त्यात देवनागरी अक्षर खरोखर देवनागरी म्हणूनच साठतं. ती आल्यावर धावपळ केलीस, तर पहिली चाचणी ती नोट्सशिवायच देईल.

फळ्याकडे बोट दाखवून ‘हे इथे, मग हे तिकडे’ म्हणू नकोस, लिहिशील ती ओळ मोठ्याने वाच. बायनरी ट्री, म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून जास्तीत जास्त दोन फांद्या फुटणारी माहितीची रचना, शिकवताना पुठ्ठ्यावर सुतळी आणि बटणं चिकटव. डोळस मुलंही त्यावर बोटं फिरवतील, फिरवू दे.

सगळ्यात जास्त लक्ष शेजारच्या मायाळू मुलांवर ठेव. ही मुलगी अडली की कुणीतरी कीबोर्ड ओढून घेतं, दोन मिनिटांत उत्तर येतं आणि तिचं शिकणं तिथेच थांबतं. एररची ओळ तिची तिला ऐकू दे, चूक तिची तिला सापडू दे. इतरांना जितका वेळ अडखळू देतोस तितका तिलाही दे.

‘अंध माणूस प्रोग्रॅमिंग कसं करणार?’ असं प्राचार्यांनी विचारलं, तर त्यांना टी. व्ही. रामन सांग. पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. पुढे आयआयटी मुंबई, मग 1994 मध्ये कॉर्नेलची डॉक्टरेट, आणि ईमॅक्स या प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये आवाजावर काम करता यावं म्हणून ईमॅकस्पीक त्यांनी स्वतः लिहिलं.

परीक्षेबद्दल केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या मार्गदर्शक सूचना काढून ठेव. तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ त्यात आहे, संगणकावर उत्तरं लिहिण्याची मुभाही आहे. प्रोग्रॅमिंगच्या पेपरला लेखनिक देणं मला पटत नाही. कंस कुठे, अर्धविराम कुठे, हे त्याला सांगण्यातच वेळ जातो.

पुढे कर्णबधिर मूल आलं तर फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस, व्हिडिओला कॅप्शन हवीत. एका हाताने टाइप करणाऱ्यासाठी विंडोजमध्ये स्टिकी कीज आहेत, त्यात दोन-तीन कीज एकदम धरण्याऐवजी एकेक दाबता येतात. शिफ्ट पाच वेळा दाबलं की ते चालू करायचं का असं विचारतं.

आणि हे सगळं करण्याआधी तिला भेट. आवाजाचा वेग किती लागतो, हिंदी ऐकायला आवडतं की इंग्रजी, आधी काय वापरलंय, ते तिलाच विचार. कृतिदेवच्या फाइली मला आजच पाठव. पहिल्या दोन युनिटच्या मी बदलून देते, बाकीच्या तू कर.

तुझी
मावशी