सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेगाचा नियम लागतो का?

प्रश्न: सांगलीत शामरावनगरला आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पंधरा वर्षांचा एक मुलगा स्कूटर सुसाट पळवतो. चेअरमन म्हणतात, जागा खाजगी आहे, कायदा लागत नाही. '२० किमी'चा बोर्ड लावला तर चालेल का?

उत्तर: 'जागा खाजगी, कायदा नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. याच वाक्याच्या आडून पोरांच्या हाती किल्ल्या जातात.

मोटार वाहन कायदा, १९८८ जागेचा सातबारा बघत नाही. कलम २(३४) एवढंच विचारतं की लोकांना तिथे यायचा हक्क आहे का. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्येच विम्याच्या प्रकरणात 'सार्वजनिक जागे'चा अर्थ मोठा धरला: लोक परवानगीने येतात अशी खाजगी जागाही त्यात बसते. तुमच्याकडे दूधवाला, कुरिअरवाला, पाहुणे येतातच. शिवाय कोणाला लागलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ (बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) आहे, त्यात सार्वजनिक रस्त्याची अटच नाही. आणि गेटच्या बाहेर चाक पडलं की वादच संपला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. हे त्या मुलाच्या वडिलांना लेखी कळवा, तोंडी नको.

आता बोर्ड. २० कोणी ठरवलं? प्रत्येक कमिटीत हाच आकडा निघतो आणि तो चूक आहे. २० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. ब्रेककडे हात जायला एक सेकंद, मग कोरड्या फरशीवर आणखी तीनेक मीटर, म्हणजे थांबेपर्यंत साडेआठ मीटर. पिलरमागून लहान मूल चार मीटरवर पुढे आलं तर? १० च्या वेगात हेच अंतर साडेतीन मीटर होतं. बोर्डावर १०च लिहा.

नुसत्या बोर्डाने वेग उतरत नाही, म्हणून लोक रबरी स्पीडब्रेकर आणतात आणि पेव्हर ब्लॉकवर ठोकतात. दोन महिन्यांत बोल्ट ब्लॉकसकट उपटून येतात. तेवढ्या पट्ट्यातले ब्लॉक काढून १५ सेंमी खोल काँक्रीट ओता, सात दिवस पाणी मारा, मग १२ मिमीचे अँकर बोल्ट बसवा. उंची ५० मिमी पुरे. वळणावर आणि उतारावर कधीच नको, कलती दुचाकी तिथेच घसरते. वळणाच्या चार-पाच मीटर आधी, सरळ पट्ट्यात बसवा. भिंतीकडे वीतभर फट सोडा, नाहीतर पावसाचं पाणी तुंबतं. पिवळे-काळे पट्टे आणि वर एक दिवा हवाच, अंधारातला ब्रेकर पाडतोच. रस्त्यावरचा १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद ब्रेकर इथे बांधू नका, तो २५ च्या वेगासाठी आहे. आंधळ्या कोपऱ्यावर गोल आरसा लावा, ब्रेकरपेक्षा त्याचाच उपयोग जास्त.

एक गोष्ट मात्र चेअरमनांच्या बाजूची. तुमचा बोर्ड म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली सरकारने ठरवलेली वेगमर्यादा नव्हे. १० चा वेग मोडला म्हणून पोलीस चलान फाडणार नाहीत. तो दंड सोसायटीने उपविधीप्रमाणे (स्वतःच्या नियमावलीप्रमाणे) करायचा: आधी नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, मग सर्वसाधारण सभेचा ठराव. पूर्णपीठाचा तो निकालही जुन्या, १९३९ च्या कायद्यावरचा आणि विम्यापुरता आहे, हे सभेत बोलताना लपवू नका. पण कोणी जखमी झालं तर दवाखाना आधी, आणि चालकाने २४ तासांत पोलिसांना कळवणं कलम १३४ प्रमाणे बंधनकारक आहे. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढा, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) जुनं पुसत जातो.

शामरावनगरात पुराचं पाणी येऊन गेलं की फरशीवर बारीक गाळाचा थर राहतो. तो धुऊन निघेपर्यंत वर दिलेली सगळी अंतरं वाढतात. तेवढे दिवस दुचाकी इंजिन बंद करून ढकलत न्यायला लावा.