दुर्बिणीआधी सर्जन व्हावं लागतं

प्रश्न : धाकट्याच्या किडनीचं ऑपरेशन गेल्या वर्षी दुर्बिणीतून झालं. पोटावर तीन बारीक खुणा, बाकी काही नाही. तेव्हापासून अकरावीतली लेक म्हणते, ‘मी हेच करणार.’ बारावीनंतर याचा वेगळा कोर्स असतो का? मुलीला एवढं झेपेल?
– एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, बारावीनंतर असा वेगळा कोर्स नाही. नीट देऊन एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग ३ वर्षं एमएस जनरल सर्जरी, पुढे नीट-एसएस ही आणखी एक प्रवेश परीक्षा देऊन ३ वर्षं एमसीएच पीडियाट्रिक सर्जरी, म्हणजे लहान मुलांच्या शस्त्रक्रियांची पदवी. एमबीबीएसनंतर ६ वर्षांचा थेट डीआरएनबी हा एमसीएचच्या तोडीचा अभ्यासक्रमही आहे. वर्षं तेवढीच, मधली एक प्रवेश परीक्षा वाचते. मुलांची आवड म्हणून एमडी पीडियाट्रिक्स घेतलं, तर ती बालरोगतज्ज्ञ होईल, सर्जन नाही. हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

दुर्बीण याच प्रवासात हाती येते. एका बालशल्यविशारदांकडे (मुलांच्या सर्जनकडे) मी सरावाची पेटी पाहिली, पोटाऐवजी तिच्यात हत्यारं घालून हात बसवायचा. त्यांची विद्यार्थिनी पडद्यावर नजर ठेवून हातमोज्याच्या तुकड्यावर टाका घालत होती. मूठ उजवीकडे नेली की आतलं टोक डावीकडे जातं. हत्यार ३ मिलिमीटरचं, दोरा केसासारखा. गाठ सुटली की ती शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तान्ह्या बाळाच्या पोटात हालचालीला जागाच नसते. त्यात दिसावं म्हणून भरलेल्या गॅसचा दाब वाढला, तर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, वर ढकललं जातं आणि श्वासाला त्रास होतो. म्हणून भूलतज्ज्ञांच्या शब्दाकडे सतत कान लागतो. कधी रक्तस्राव होतो, नीट दिसत नाही. तेव्हा दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावंच लागतं. ते ज्याला येत नाही, त्याच्या हाती दुर्बीण देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मुलीला झेपेल का? डॉ. स्नेहलता देशमुख बालशल्यविशारदच होत्या, पुढे मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. लेकीच्या वाटेत अडचण मुलगी असण्याची नाही, लांब पल्ल्याची आहे. तिशी गाठेपर्यंत शिक्षण चालेल, आणि तोवर ‘लग्नाचं काय’ म्हणणाऱ्यांना उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. पदव्युत्तर शिक्षणात विद्यावेतन मिळतं, एवढा आधार असतो.

धाकट्याला पुढच्या तपासणीला न्याल तेव्हा लेकीलाही न्या. सर्जनना सवड असेल तर तिलाच विचारू द्या : दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं, तो दिवस कसा होता?