सात टक्क्यांचा हिशेब

प्रश्न : ७२ लाखांचा रिसेल फ्लॅट घेतोय. याच इमारतीत शेजाऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये घर घेतलं, तेव्हा त्यांना ३ टक्के मुद्रांक शुल्क पडलं. एजंट आम्हाला ७ टक्के सांगतो. आमच्या भागात तर मेट्रो आलेलीही नाही. (वारजे, पुणे)

उत्तर : एजंटचा आकडा बरोबर आहे. मूळ शुल्क ५ टक्के, महापालिकेसाठीचा १ टक्का (याला अजूनही सगळे ‘एलबीटी’च, म्हणजे स्थानिक संस्था कर, म्हणतात) आणि मेट्रो अधिभार १ टक्का. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या चार महिन्यांत सरकारने मूळ दर २ टक्क्यांवर आणला होता आणि मेट्रो अधिभारही थांबवलेला होता. तो १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. स्टेशन घरापासून किती लांब आहे याचा त्याच्याशी संबंध नाही, घर महापालिका हद्दीत असलं की पुरे. जून २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांतही जुन्या ग्रामपंचायतीच्या दराने हिशेब मांडू नका.

शुल्क लागतं ते कराराची किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारने ठरवलेल्या दरांच्या तक्त्याचं) मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर. ७२ लाखांवर ५,०४,००० रुपये आणि नोंदणी फी ३०,००० (१ टक्का, पण कमाल मर्यादा एवढीच), म्हणजे एकूण ५,३४,०००. रेडी रेकनरने मूल्य ७६ लाख निघालं तर नुसतं शुल्कच ५,३२,००० होईल. म्हणून टोकन देण्याआधी त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहाराचा इंडेक्स-२ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर काढा. रकाना २ मध्ये मोबदला आणि ३ मध्ये बाजारभाव असतो, तर भरलेलं शुल्क रकाना १२ मध्ये दिसतं. रकाना ३ चा आकडा मोठा असेल तर तुमचंही शुल्क वाढण्याची शक्यता धरून चाला.

घोळ होतो तो पैशांच्या नियोजनात. बँक कर्जासाठी घराची किंमत धरते, त्यात शुल्क आणि फी येत नाही. हातातली सगळी रक्कम विक्रेत्याला दिली, की नोंदणीच्या आठवड्यात पाच लाखांसाठी धावाधाव होते. ही रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. शुल्क सहीच्या आधी, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं आणि दस्त सहीपासून चार महिन्यांत नोंदणीला न्यायचा. शुल्क कमी भरलं गेलं तर फरकावर दरमहा २ टक्के दंड लागतो.

प्रश्न : पत्नीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणे. माझंही नाव घातलं तर? (चिंचवड)

उत्तर : मिळणार नाही. १ टक्क्याची सवलत फक्त राहत्या घराला आहे, तीही सर्व खरेदीदार महिलाच असतील तर. ७२ लाखांवर ७२,००० रुपये वाचतात. १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही जुनी अट २०२३ मध्ये काढली गेली. तुम्ही कर्जात सहकर्जदार राहू शकता. मात्र करारात मालक म्हणून नाव नसेल, तर हप्ते तुम्ही भरूनही व्याजाची प्राप्तिकर वजावट तुम्हाला मागता येणार नाही. त्यामुळे ठरवण्याआधी दोन्ही आकडे कागदावर मांडा. एकदाच मिळणाऱ्या ७२,००० पेक्षा दरवर्षीची वजावट कधी कधी जास्त भरते.

प्रश्न : नोंदणी झाली, तरी मिळकत कराचं बिल जुन्या मालकाच्या नावे येतं. (हडपसर)

उत्तर : नोंदणीने बिलावरचं नाव बदलेल असं गृहीत धरू नका. महापालिकेच्या करआकारणी विभागात अर्ज वेगळा द्यावा लागतो, तोही तीन महिन्यांच्या आत. सोबत इंडेक्स-२, कराराची प्रत, शेवटची भरलेली पावती आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र न्या. जुनी थकबाकी मिळकतीवर बसते, त्यामुळे ती शेवटचा हप्ता देण्याआधी विक्रेत्याकडूनच भरून घ्यावी. वीज मीटरवरचं नाव बदलायला महावितरणकडे निराळा अर्ज करावा लागतो.