स्ट्राउडची चुरस आणि उसनी मते

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई वर्षभरापासून इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड येथे राहतात. हा मतदारसंघ अर्धा शहरी, अर्धा ग्रामीण असून कधी मजूर पक्षाकडे, तर कधी हुजूर पक्षाकडे जातो, असे ते सांगतात. २०२४ मध्ये मजूर पक्ष तिथे अकरा हजारांहून अधिक मतांनी जिंकला. ही जागा आता त्यांची पक्की समजावी का? आणि भारतीय नागरिक असताना या दोघांना तिथे मतदान करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पक्की मुळीच समजू नये. २००५ मध्ये मजूर पक्षाचे डेव्हिड ड्रू यांनी हुजूर पक्षाच्या नील कार्मायकल यांना ३५० मतांनी हरवले. २०१० मध्ये कार्मायकल यांनी १,२९९ मतांनी परतफेड केली, २०१५ मध्ये जागा राखली आणि २०१७ मध्ये ती ६८७ मतांनी पुन्हा ड्रू यांच्याकडे गेली. अशा ठिकाणी अकरा हजारांचे मताधिक्य हा अपवादच म्हणावा लागेल.

या चुरशीचे कारण शहर विरुद्ध खेडी असे सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. स्ट्राउडभोवतीच्या खोऱ्यांत एके काळी लोकरीच्या गिरण्या होत्या आणि ब्रिटिश सैनिकांच्या डगल्यांचे लाल कापड तिथे विणले जाई, त्यामुळे नकाशावर खेडी दिसणारी कित्येक गावे मुळात कामगारांच्या वस्त्या आहेत. आपल्याकडच्या जुन्या बागायतदारांना आठवत असेल ते लिस्टर इंजिनही याच मतदारसंघातील डर्स्लीचे. सेव्हर्न नदीकाठच्या दुभत्या गुरांच्या पट्ट्यात मात्र हुजूर पक्षाचा जोर पूर्वापार राहिला आहे.

निकालाची खरी किल्ली पर्यावरणवादी ग्रीन पक्षाच्या मतदाराकडे आहे, असे आम्हाला वाटते. स्ट्राउडमध्ये हा पक्ष गेली अनेक दशके स्थानिक राजकारणात मुरलेला आहे. तिथला मतदार डिस्ट्रिक्ट कौन्सिलसाठी मनापासून ग्रीन उमेदवार निवडतो आणि संसदेच्या वेळी, हुजूर पक्ष येऊ नये म्हणून, आपले मत मजूर पक्षाला उसने देतो. २०१९ मध्ये ही उसनवारी पुरती जमली नाही. ब्रेक्झिटविरोधी समझोत्यानुसार लिबरल डेमोक्रॅट पक्षाने ग्रीन पक्षासाठी जागा सोडली आणि त्या पक्षाच्या मॉली स्कॉट केटो यांना ४,९५४ मते मिळाली. हुजूर पक्षाच्या शिव्हॉन बेली यांनी ड्रू यांना ३,८४० मतांनी हरवले. ग्रीन पक्षाने मते खाल्ली, हा निष्कर्ष यावरून सहज निघतो, पण ती सगळी मते एरवी ड्रू यांनाच पडली असती असे धरणे घाईचे होईल. त्यांतली काही मते ब्रेक्झिटला कंटाळलेल्या, परंतु मजूर पक्षाचे तत्कालीन नेते जेरेमी कॉर्बिन नकोसे झालेल्या मतदारांची असणार. (मतविभाजनाची अशी बेरीज-वजाबाकी निकालानंतर करणे आपल्यालाही नवे नाही.)

२०२४ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. डर्स्लीचे डॉक्टर सायमन ओफर यांना सत्ताबदलाच्या लाटेचा लाभ मिळाला, आणि उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाने हुजूर पक्षाची मते फोडली. म्हणजे त्या मताधिक्याचा मोठा भाग प्रतिस्पर्ध्याच्या घसरणीतून आला. पुढची सार्वत्रिक निवडणूक २०२९च्या ऑगस्टपर्यंत व्हायला हवी. तोवर मजूर पक्ष स्वतःच सत्तेत असल्याने ‘हुजूर पक्षाला हटवा’ हे आवाहन पूर्वीइतके चालणार नाही आणि उसने दिलेले मत परत मागण्याची इच्छा ग्रीन मतदाराला होऊ शकते. तसे झाले आणि उजवीकडची मते मात्र एकाच उमेदवारामागे गोळा झाली, तर तिशी-पस्तिशीच्या टक्क्यांतही ही जागा जिंकता येईल. आज पैज लावायची झाल्यास आम्ही मजूर पक्षावर लावणार नाही. मात्र ग्रीन आणि हुजूर यांपैकी कोणावर लावावी, हे उजवी मते कशी वाटली जातात ते पाहिल्याशिवाय ठरवणार नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्याची परवानगी असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या प्रौढ नागरिकांना संसदेच्या निवडणुकीतही मतदान करता येते, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. नाव मतदार यादीत आपणहून नोंदवावे लागते. मतदान केंद्रावर आता छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.