काउंटरवर बसलेल्या पोरीला

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. बाजाराच्या दिवशी मॉलच्या बिल काउंटरवर एक बाई भर लायनीत तुला "लुटता काय वं आम्हाले?" म्हणाली, तू घरी येऊन जेवली नाहीस आणि आता नोकरीच सोडते म्हणतेस, असं सांगत होती. नोकरी सोडायची की धरायची ते तू ठरव, त्यात मी पडत नाही. पण त्या बाईचा राग तुझ्यावर नव्हता, हे तुला कळावं म्हणून हे पत्र.

आपल्या वऱ्हाडातल्या दर्यापूर-अंजनगावकडचा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या काट्यावर माल घालत आला आहे. कापूस नेला की आधी ओलावा पाहतात. सरकारी खरेदीत ८ ते १२ टक्क्यांचा नियम आहे, त्याच्या वर आकडा गेला की गाडी परत. व्यापाऱ्याकडे नेला तर ओल आहे, कवडी (किडका, खराब कापूस) आहे म्हणत भाव खाली. सोयाबीनचंही तेच. काटा त्यांचा, यंत्र त्यांचं, चिठ्ठीही तेच लिहिणार. शेतकऱ्यानं फक्त उभं राहून पाहायचं. अशा घरातली बाई तुझ्या काउंटरवर येते. तिला मशीनचा टुक् टुक् आवाज ऐकू येतो, पण कशाचे किती लागले ते दिसत नाही. शेवटी हातात बिलाचा वीतभर कागद येतो, तोही इंग्रजीत. ती शंका घेणारच. तिनं शंका घेतली नसती तर मला जास्त काळजी वाटली असती.

शिवाय मॉलमध्ये उधारी नाही. गावातला किराणेवाला कापूस विकेपर्यंत वहीत मांडून ठेवतो, तुमच्याकडे रोख मोजावे लागतात. म्हणजे तुझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पैसे हातात आले त्याच दिवशी येतं, विकलेल्या मालाचा चुकारा झाला की, नाहीतर लाडक्या बहिणीचे १५०० खात्यात पडले की. घरून निघतानाच तिनं तेल, साखर, चहापत्ती, साबण असा मनात हिशोब मांडलेला असतो आणि वर एसटीच्या तिकिटाचे पैसे पदराच्या गाठीत असतात. बिलात वीस रुपये जास्त दिसले की तिचा सगळा हिशोब मोडतो. त्यातून सहाची गाडी सुटली तर रात्र स्टँडवर. तिचा आवाज चढतो तो या सगळ्यामुळे.

म्हणून पहिली सवय ही लाव की प्रत्येक वस्तूचा भाव तोंडानं बोलायचा. "तेल एकशे चाळीस, साखर पंचेचाळीस, तूरदाळ एकशे वीस." स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळत असेल तर वळवून ठेव. मॅनेजर म्हणेल, यानं वेळ जातो. जातो थोडा, पण भांडणात जातो त्यापेक्षा कमीच. मी तेलाच्या काउंटरवर होते तेव्हा असंच बोलून बिल करायचे. म्हाताऱ्या बायका माझीच लाईन धरायच्या, बाजूची रिकामी असली तरी.

आता तुझ्या त्या भांडणाचं मूळ. आई म्हणाली, फळीवर एक भाव होता आणि मशीनवर दुसरा. हे सगळ्या मोठ्या दुकानांतलं रोजचं दुखणं आहे. मशीनमधले भाव मुख्य ऑफिसातून रात्रीतून बदलतात, फळीवरच्या पट्ट्या मात्र एखादा पोरगा हातानं बदलतो, आणि त्याच पोराला मालाची गाडी उतरवायची असते, फरशीही पुसायची असते. ऑफर रविवारी संपली तरी कागद मंगळवारपर्यंत लटकतो. यात तुझा दोष नाही, गिऱ्हाइकाचा तर नाहीच नाही. पण "मशीनमध्ये हेच दाखवते" असं म्हणू नको. या एका वाक्यावर मी भलीभली शांत माणसं भडकलेली पाहिली आहेत, कारण त्याचा अर्थ त्यांना असा लागतो की तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं खोटं. "थांबा मावशी, मी पट्टी पाहायला लावते" असं म्हण. पट्टीवर कमी लिहिलं असेल तर कमीच घ्यायचे, हे सुपरवायझरकडून आधीच ठरवून घे. रोज संध्याकाळी अशा चुकलेल्या पट्ट्या एका कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, कागद विसरता येत नाही.

पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही, हे तर पक्कंच. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला, साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं पाच टक्क्यांवर आली. तेव्हा जुनी किंमत छापलेला माल फळीवर आणि टीव्हीवर स्वस्ताईची बातमी, असं झालं होतं. लोक काउंटरवरच्या पोरींना विचारत, आमचे कमी झालेले पैसे कुठे गेले? प्रश्न रास्त होता, पण उत्तर द्यायला समोर कोण, तर पोरगी. असं पुन्हा होईल तेव्हा मॅनेजरला आधीच विचारून ठेव आणि लोकांना नीट सांग.

पाकिटाच्या आकाराचंही तसंच. "मांगच्या महिन्यात पुडा मोठा होता न वं" असं कोणी म्हटलं तर बहुतेक वेळा ती बाई खरं बोलत असते. कंपनी दहाचा पुडा दहालाच ठेवते आणि आतून ग्रॅम काढते. तेलाचं तर विचारूच नको. एक लिटर तेल वजनानं साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण त्याच्याच शेजारी तेवढीच दिसणारी ८०० ग्रॅमची पिशवी मांडलेली असते. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे काय दर पडतो तेही छापावं लागतं. अक्षर बारीक असतं. तुझे डोळे तरुण आहेत, तू वाचून दाखव. एखादीला म्हणालीस, "मावशी, हे स्वस्त दिसते पण महाग पडते," तर ती तुला विसरणार नाही.

सुट्या पैशांची कटकट तू पाहिलीच असशील. सुट्टे नाहीत म्हणून हातात चॉकलेट टेकवू नको, मॅनेजर म्हणाला तरी. बँकेतून चिल्लर आणणं हे दुकानाचं काम आहे. दहाचं नाणं घेत नाही म्हणणारे दोन्ही बाजूंना भेटतील, पंधरा रेघांचं खोटं आणि दहा रेघांचं खरं म्हणतील. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलं की १४ नमुने आहेत आणि सगळे चालतात. फोनवरून पैसे कटले पण दुकानाला पोचले नाहीत, असं झालं की माणूस घाबरतो, विशेषतः खात्यात तेवढेच असले तर. त्याला सांग, २०१९ चा नियम आहे, पाच दिवसांत आपोआप परत येतात, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये बँक देते. व्यवहाराचा नंबर त्याला कागदावर लिहून दे. तेवढ्यानं त्याला घरी जाता येतं.

दारावरची तपासणी मात्र मला कधीच पटली नाही. एका दुकानात, नाव घेत नाही, धोतरातले एक आजोबा बिल करून निघाले होते. गार्डनं पिशवी दाखवा म्हटलं. आजोबांनी काही न बोलता फरशीवर एकेक वस्तू मांडली. साबणाच्या दोन वड्या, फल्लीतेल, नातवाचा कंपास, आणि घरून आणलेला भाकरीचा फडकं बांधलेला डबा. डबासुद्धा उघडला. मग गार्डला म्हणाले, "पाह्य बाबू, नीट पाह्य." पाच-सात माणसं पाहत उभी होती. गार्डलाही वरून हुकूम होता, त्याचाही चेहरा उतरला. मला तेव्हापासून वाटतं, बिलावर शिक्का मारायचा तर मारा, पण म्हाताऱ्या माणसाला आपला डबा उघडावा लागू नये. तुझ्या गार्डशी बोलून ठेव. घरून आणलेली पिशवी आत येतानाच टोकनवर ठेवून घेतली आणि "आजोबा, सांभाळून ठेवतो" म्हटलं की हा प्रसंगच येत नाही.

आता गिऱ्हाइकांच्या बाजूचंही बोलते, नाहीतर म्हणशील काकू त्यांचीच वकिली करते. दुधाची पिशवी साबणाच्या फळीवर सोडून जाणारे, पाकीट फोडून पोराला देऊन रिकामं लपवणारे, एक टोपली लायनीत ठेवून अर्धं दुकान फिरून येणारे, कानाला फोन लावून नोटा तुझ्याकडे फेकणारे, मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत नुसते गार हवेला येऊन सगळी फळी उपसणारे. गार हवेला येणाऱ्यांवर रागावू नको, आपल्याकडच्या उन्हात तो गुन्हा नाही. बाकीच्यांना शांतपणे पण स्पष्ट सांग. आणि कोणी अंगाला हात लावला, शिवी दिली किंवा तुझा नंबर मागत लायनीत थांबून राहिला, तर तिथे गिऱ्हाईक देव-बीव काही नाही. बिल थांबवायचं, सुपरवायझरला हाक मारायची आणि त्या माणसासमोरच मोठ्यानं सांगायचं. घरी जाऊन आईजवळ रडण्याआधी हे करायचं.

लोकांना त्यांचा मोबाईल नंबर विचारायला लावतात ना? विचार, पण नाही म्हटलं तर बिल अडवू नको. सरकारनं २०२३ मध्ये दुकानदारांना तशी सूचना दिली आहे. खराब निघालेली वस्तू घेऊन कोणी परत आलं तर "माल परत घेतला जाणार नाही" या पाटीकडे बोट दाखवू नको. बिलावर मुदत नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यावी लागते, असं २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे. पाटी कायद्याच्या वर नाही.

उरलं तुझं स्वतःचं. दिवसभर उभं राहून पाय सुजतात असं आईनं सांगितलं. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यात लिहिला. तूही बसायला माग. एकटी मागू नको, तिघीचौघी मिळून जा. उंच स्टूलवर बसून बिल होतं, गिऱ्हाइकाचं काही अडत नाही. पाणी प्यायचं टाळू नको, बाथरूमला जावं लागेल म्हणून तर अजिबात नको. त्यानं आजार मागे लागतो.

आणि कॅश. ड्रॉवर उघडतानाची रक्कम स्वतः मोजून सहीनं घे, जेवायला उठताना कुलूप लाव, तुझ्या ड्रॉवरमध्ये दुसऱ्या कोणाचा हात नको, मॅनेजरचाही नको. रात्री पैसे कमी भरले तर पगारातून कापू म्हणतात. तुझा निष्काळजीपणा असल्याशिवाय आणि तुझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तसं कापता येत नाही. या महिन्याची पगाराची चिठ्ठी मिळाली की तिचा फोटो मला पाठव. कुठली कपात कशाची ते मी पाहून सांगते, आणि चुकीची असेल तर अर्ज कसा लिहायचा तेही.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
काकू