बडोद्याहून न्यूयॉर्क: आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नाशीसाठी बिझनेस क्लास कोणता घ्यावा?

अहमदाबाद–दोहा–न्यूयॉर्क असं कतार एअरवेजचं एकाच पीएनआरवरचं तिकीट काढा, आणि दोहा–न्यूयॉर्क टप्प्यावर क्यूस्वीटच (कतारच्या बिझनेस क्लासमधली छोट्या खोलीसारखी जागा) आहे ना, ते पाहून घ्या. अहमदाबाद–दोहा साडेतीन-चार तासांचं आहे, तिथे आसन साधं असलं तरी चालतं. खरी झोप पुढच्या जवळपास चौदा तासांत लागते, पैसे तिथेच वसूल होतात. २०१७ पासूनच्या या क्यूस्वीटला सरकतं दार असतं, आणि मधल्या रांगेतल्या काही जोड्यांमधली आडभिंत खाली करून दोघांचा एकच पलंग होतो. पन्नास वर्षांच्या सोबतीसाठी मला तरी याहून छान काही सुचत नाही. तीच जोडी आताच निवडून ठेवा, ती लवकर जाते. 'बिझनेस' एवढ्या शब्दावर जाऊ नका, सीटमॅप (आसनांचा नकाशा) बघा: रांगेत आसनं १-२-१ अशी असतील तर प्रत्येकाला थेट वाट मिळते, २-२-२ मध्ये खिडकीकडच्याला रात्री उठताना शेजाऱ्याला ओलांडावं लागतं, सत्तरीपुढच्या गुडघ्यांना ते जड.

मात्र विमान ऐनवेळी बदलू शकतं आणि बोईंग ७८७-८ विमानात क्यूस्वीट नसतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीटमॅप पुन्हा तपासा. व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा.